उंबरमाळची मुलं पाण्यात आढळली

बोरधक्क्यावर मोबाइलचा टॉवर उभा राहिला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिथल्या कुत्र्याला झाला. त्याला सावली मिळाली.

बाकी तिथे आनंद व्हायला कुणी नव्हतंच. बोरधक्का म्हणजे धरणाच्या फुगवट्याच्या (धरणामागे साठलेल्या पाण्याच्या) काठावरचा लाँचचा धक्का. धक्क्यावर हिंदुरावची चहाची टपरी. संध्याकाळची लाँच गेली की हिंदुराव टपरीला कुलूप लावून मोटरसायकलवरून आपल्या गावी जायचा. मग धक्क्यावर पाणी, टॉवर आणि कुत्रा एवढेच उरत. उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी नारळ फोडला, हातातल्या पडद्यावर बघितलं, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "इथं साठेक माणसं राहतात ना? कुठं गेली सगळी?"

"साहेब, एक मी हाय आन् एक ह्यो," हिंदुराव कुत्र्याकडे बोट दाखवून म्हणाला. "आन् ह्यो बी परवाच आलाय."

साठेक माणसं राहायची ती पलीकडच्या काठावर, डोंगराच्या पोटात, उंबरमाळला. साठ माणसं, त्याहून जास्त म्हशी आणि नऊ मुलांची एक शाळा. टॉवर आणि उंबरमाळ यांच्या मधोमध डोंगराची एक सोंड पाण्यात उतरली होती. ती काही बाजूला व्हायला तयार नव्हती, त्यामुळे उंबरमाळची रेंज होती तशीच राहिली. म्हणजे नव्हती.

ही गोष्ट पुढच्या काळातली आहे. शहरात तेव्हा फ्रिज स्वतःच दूध मागवत असत. दूध उंबरमाळच्या म्हशींचंच असायचं. फक्त फ्रिजचा निरोप म्हशींपर्यंत पोचत नसे.

जिथे कुणी राहत नाही तिथे टॉवर का बांधला, हे कोडं अकरा वर्षांच्या केतकी ढेबेला सुटत नव्हतं. तिने आईला विचारलं. आई म्हणाली, "सरकारचं डोकं हाय, त्येला काय इचारतीस." लाँच चालवणाऱ्या लक्षूमामाला विचारलं. तो म्हणाला, "कुत्र्याचा वशिला असंल." पाचवीच्या पोरीला यापेक्षा बरं उत्तर हवं होतं.

मंगळवारी संध्याकाळी मात्र कोडं बाजूला पडलं, कारण त्या दिवशी हाऱ्यातून शाळेचा आदेश आला.

हाऱ्याचं आधी सांगायला हवं. उंबरमाळचा रिवाज असा होता : दुपारी बाराच्या लाँचने गावातले सगळे फोन एका हाऱ्यात (वेताच्या मोठ्या टोपलीत) घालून पलीकडे पाठवायचे. लक्षूमामा हारा टपरीच्या कट्ट्यावर ठेवायचा. तिथे टॉवरच्या आधीपासूनच फोनांना थोडीफार रेंज लागायची, आत अडकलेले निरोप बाहेर जायचे, बाहेरचे आत यायचे. संध्याकाळी हारा परत. मग दारोदार पुण्यामुंबईचे आवाज ऐकू यायचे : "आई, जेवलीस का? परवा जेवलीस का म्हणून विचारलं होतं, त्याचं उत्तर आज मिळालं."

शाळेचा टॅबही याच हाऱ्यातून जायचा. पाटोळे बाई साडेदहाला नऊ मुलांना रांगेत उभं करून हजेरीचा फोटो काढत. बारा वाजता टॅब हाऱ्यात. एक वाजता फोटो तालुक्याच्या यंत्रात. पण तिथलं हजेरीचं दार अकराला बंद व्हायचं. यंत्राच्या मते उंबरमाळची नऊच्या नऊ मुलं वर्षभर गैरहजर होती. बाईंनी तीनदा खुलासा पाठवला. तो शाळेच्या आवारातून पाठवलेला नाही, या कारणाने यंत्राने तीनदा परत केला.

मंगळवारचा आदेश सरळ होता. शून्य हजेरीमुळे शाळा सोमवारपासून बंद. मुलांची सोय तालुक्याच्या वसतिगृहात.

"वसतिगृह लय भारी असतंय," केतकीची मोठी बहीण हौसा म्हणाली. "तिथं खाट असती. खाटेवर बसून रडायचं." हौसा दोन वर्षांपूर्वी तिकडे गेली आणि पंधरवड्यात परत आली. आता ती म्हशी राखायची. पाचवीपर्यंतचं सगळं तिला येत होतं आणि त्यापुढचं काहीच येत नव्हतं.

म्हणजे सोमवारपासून केतकीनेही म्हशी राखायच्या. म्हशींशी तिचं वैर नव्हतं. पण तिला अपूर्णांक नुकतेच कळायला लागले होते.

बुधवारी सकाळी ती म्हैस धुवायला पाण्यावर गेली, तेव्हा काठाला एक दुधाची किटली तरंगत होती. गावात किटल्या पुष्कळ, पण ही जरा जास्तच गुळगुळीत होती आणि तिला कडी नव्हती. केतकीने ती ओढून घेतली.

"प्रिय ग्राहक," किटली म्हणाली, "शुभ सकाळ. हा कोणता ग्रह आहे?"

केतकीने म्हशीकडे बघितलं. म्हैस बघत नव्हती.

"उंबरमाळ," केतकी म्हणाली.

"आभारी आहोत. उंबरमाळ ग्रहाची नोंद सुरू आहे. कृपया प्रतीक्षा करा."

किटली नेपच्यूनच्या पलीकडच्या एका ठाण्यावरून आली होती. ग्रहाग्रहांमध्ये निरोपांची जी ये-जा चालते, तिची ती लाइनमन. मराठी ती हाऱ्यातले फोन ऐकून शिकली होती, आणि हाऱ्यात निम्मे निरोप रिचार्जचे असत.

"तुमच्याकडे ग्रहांमधली पद्धत चालू आहे," किटली म्हणाली. "निरोप एका जागी गोळा होतात, थांबतात, पाण्यावरून प्रवास करतात, मग पुढे जातात. असं फक्त दोन ग्रहांच्या मध्येच करतात. आमच्या यादीत हा ग्रह नव्हता, म्हणून तपासणीला आले."

"तो ग्रह न्हाई. तो लक्षूमामाचा हारा हाय."

"ग्राहकाने सविस्तर सांगावं."

केतकीने सांगितलं. हारा, टपरी, टॅब, साडेदहाचा फोटो, अकराचं दार, सोमवार. सांगताना तिचा आवाज एकदोनदा चिरकला, तेव्हा ती म्हशीला ओरडली. म्हशीने काही केलं नव्हतं.

किटली स्वतःभोवती एकदा फिरली. मग म्हणाली, "तुम्ही विहिरीवरून घागरी हातोहात देता?"

"लग्नकार्याला देतो. रांग लावून."

"तुमच्या ग्रहावरचं साधं जाळं तसंच असतं. तुझा फोटो आधी बारीक तुकड्यांमध्ये कापतात. एकेक तुकडा म्हणजे एकेक घागर. या हातातून त्या हातात, असा तो तालुक्याला जातो. पण त्यासाठी रांगेतले सगळे हात एकाच वेळी हजर लागतात. मधला एक जण नसला, तर काय कराल?"

"घागर खाली ठिवायची. तो आला की द्यायची."

"साधं जाळं घागर फेकून देतं."

"येडं हाय का ते?"

"घाईत असतं. फेकून देतं आणि पहिल्या माणसाकडे नवी घागर मागतं. सगळे जवळजवळ उभे असतील तर हे बरं चालतं. पण आमच्याकडे मधला ग्रहच सूर्याच्या आड जातो, तो पंधरा-पंधरा दिवस दिसत नाही. म्हणून आमचं प्रत्येक ठाणं घागर खाली ठेवतं, पुढचं दिसलं की पुढे देतं. याला म्हणतात साठवा-आणि-सरकवा (मिळालेला निरोप जपून ठेवायचा, वाट मोकळी झाली की पुढे पाठवायचा). हाऱ्याचंही तेच आहे. उत्तम पद्धत आहे. फक्त अर्धी आहे."

केतकीला आपल्या हाऱ्याचा अभिमान वाटायला लागला होता, तो लगेच अर्धा झाला.

"आमच्या प्रत्येक निरोपावर तो कुठे तयार झाला आणि कधी तयार झाला, हे बाहेरून लिहिलेलं असतं. वाटेत कितीही दिवस गेले तरी ते बदलत नाही. आणि निरोप मिळाला की पुढचं ठाणं पोच (मिळाला, असा उलटा निरोप) देतं. पोच येईपर्यंत आधीचं ठाणं आपली प्रत पुसत नाही. तुमच्या निरोपांवर कुठे आणि कधी लिहिलेलंच नाही. मग यंत्र काय करणार? निरोप जिथे मिळाला तीच जागा, आणि जेव्हा मिळाला तीच वेळ."

केतकीचा हात म्हशीच्या पाठीवर थांबला.

"म्हंजी यंत्राला वाटतंय आमी समदी हिंदुरावच्या टपरीत राहतो?"

"साठ ग्राहक. रोज एक ते पाच. कट्ट्यावर."

"म्हणून टॉवर तिथं बांधला."

"जाळ्याला फक्त जाळ्यात आलेलेच दिसतात," किटली म्हणाली. "जे आलेच नाहीत, ते आहेत हे त्याला कुणी सांगायचं? आणि ते कमी दिसतात म्हणून त्यांच्यासाठी काही बांधत नाहीत. बांधत नाहीत म्हणून ते आणखी कमी दिसतात."

कोडं सुटलं होतं. कोडं सुटलं की आनंद होतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. केतकीला राग आला.

"तुझं जाळं तर नेपच्यूनपतुर जातंय. तू दे की आमची हजेरी तालुक्याला."

"तालुका आमच्या यादीत नाही."

"मग यादीत घाल."

"एकाच ग्रहावर राहणाऱ्यांना एकमेकांचं ऐकू येतं, असं आमच्या नियमांत गृहीत धरलं आहे," किटली म्हणाली. "उंबरमाळ आणि तालुका एकाच ग्रहावर आहेत, हे मला तुझ्याच बोलण्यातून कळलं. नोंद खोडावी लागेल. असुविधेबद्दल क्षमस्व."

केतकीने किटली डोक्यावर घेतली आणि शाळेत नेली. पाटोळे बाईंची आजवर चार वेळा बदली झाली होती. त्यामुळे त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नसे. बोलणारी किटली त्यांनी टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे तोंड करून बसल्या.

"टॅबमध्ये वेळ-ठिकाण जोडायचं बटण असेल," किटली म्हणाली.

"आहे," बाई म्हणाल्या. "बंद ठेवते मी. ते चालू असलं की चार्जिंग खातं. हाऱ्यात दिवस निघाला पाहिजे ना. लक्षूमामांनीच सगळ्यांना सांगितलंय, फोन हाऱ्यात टाकायच्या आधी ते बंद करायचं. गावात सगळ्यांचं बंदच असतं."

"प्रशिक्षणात याबद्दल सांगितलं असेल."

"प्रशिक्षणाचा व्हिडिओ आलाय की. वर्षभर तो गोल फिरतोय," बाई म्हणाल्या. "पण बाई, म्हणजे किटलीबाई, इथं रेंजच नाही. ठिकाण कळणार कसं?"

हा प्रश्न केतकीलाही पडला होता. किटलीने शांतपणे सांगितलं. आकाशात उपग्रह (पृथ्वीभोवती फिरणारी माणसांनी केलेली यंत्रं) असतात. ते सतत आपली वेळ आणि आपली जागा ओरडून सांगत असतात. जवळच्याची हाक लवकर ऐकू येते, लांबच्याची किंचित उशिरा. तीनचार हाका ऐकल्या की त्या उशिरावरून टॅब हिशोब करतो आणि आपण कुठे उभे आहोत ते काढतो. त्याला फक्त ऐकायचं असतं, बोलायचं नसतं. म्हणून टॉवर लागत नाही.

"म्हंजी आभाळाला आमचा पत्ता ठावं हाय," केतकी म्हणाली.

"आभाळाला नाही. त्याच्या हाका सगळीकडे सारख्या पडतात. ऐकायचं बटण तुम्ही बंद केलं होतं."

मग बाईंनी टॅब घेतला, बटण दाबलं आणि नऊ मुलांना रांगेत उभं केलं. साडेदहा झाले होते. पण तेवढ्यात टॅबचं चार्जिंग संपलं. एवढी वर्षं लक्षूमामाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

किटलीने निघण्याआधी एक गोष्ट केली. नियमात बसत नसतानाही तिने मुलांचा निरोप आपल्या ठाण्याकडे पाठवला, फक्त पोच कशी असते ते दाखवायला. "उंबरमाळला नऊ मुलं आहेत," एवढाच. नेपच्यूनपर्यंत पोचायला प्रकाशालाही चार तास लागतात, परत यायला चार. दिवस मावळायच्या आत पोच आली : मिळालं, नऊ मुलं आहेत.

तालुका पस्तीस किलोमीटरवर होता.

केतकीने ती संध्याकाळ दारोदार फिरण्यात घालवली. एकेक फोन घ्यायचा, बटण दाखवायचं, काय होतं ते सांगायचं. बायका म्हणाल्या, चार्जिंगचं काय. केतकी म्हणाली, निरोप लिहिताना चालू करा, हाऱ्यात टाकताना बंद करा, ठिकाण निरोपाला आधीच चिकटलेलं असतं. हे त्यांना पटलं. तिच्या चुलत आजोबांना, रामजी आबांना, पटलं नाही.

"सरकारला माझा ठिकाणा कशाला?"

"आबा, त्यास्नी कळंल तरी, आपण कुठं राहतो ते. मग येतील."

"आल्तं एकदा," आबा म्हणाले. "आमी कुठं राहतो ते नीट बगून गेलं. मंग धरान बांधलं."

"मग नको करू चालू," केतकी म्हणाली. "बटण कुठं हाय तेवढं बघून ठेव. चालू-बंद तुझ्या हातात." आबांनी बटण बघितलं, एकदा दाबलं, परत बंद केलं आणि चहा प्यायले.

गुरुवारी आणि शुक्रवारी साडेदहाला फोटो निघाले. वेळ चिकटली, ठिकाण चिकटलं, हारा गेला. सोमवारला मधे दोनच दिवस उरले. पोच आली नाही.

शनिवारी सकाळी सात वाजता बोट आली. लक्षूमामाची लाँच नव्हे, नारिंगी रंगाची, भोंगा वाजवणारी. तीतून आपत्ती पथकाची माणसं उतरली, दोरखंड घेऊन, धावत. पुढे पथकप्रमुख निंबाळकर मॅडम.

"बुडालेली मुलं कुठं आहेत?"

"साताचा पाढा म्हणतायत," पाटोळे बाई म्हणाल्या. "तुम्ही बसा."

झालं होतं ते असं. हजेरी यंत्राला मिळाली होती. वेळ बरोबर होती. ठिकाणही बरोबर होतं. यंत्राने ते ठिकाण नकाशावर बघितलं, तर तिथे निळा रंग. धरण झालं तेव्हा जुनं उंबरमाळ बुडालं आणि माणसं वर चढून राहिली. पण नकाशा काढणाऱ्याने डोंगराच्या पोटापर्यंत एकच निळा हात फिरवला होता. बुडलेलं त्याने काढलं. वर चढलेलं काढायचं राहिलं. म्हणून यंत्राच्या मते नऊ मुलं सलग दोन दिवस, साडेदहा वाजता, रांगेत उभी राहून, हसत बुडत होती.

निंबाळकर मॅडम शाळेच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपलं यंत्र उघडलं. यंत्राने सांगितलं की त्या सध्या जलाशयात आहेत. त्यांनी बुटांकडे बघितलं. बूट कोरडे होते. त्यांनी यंत्र झटकून पुन्हा बघितलं. अजून जलाशयातच.

"हे कधीपासून असंय?"

"माझा जनम हितलाच हाय," केतकी म्हणाली. "मला अकरा झाली."

मॅडमनी यंत्र मिटलं. मग म्हणाल्या, "सुटका झाल्याशिवाय माझी मोहीम बंद होत नाही. सुटका दाखवावीच लागते." त्यांनी नऊही मुलांना लाइफ जॅकेटं घातली, बोटीत बसवलं, बोट जागेवरच एक वळसा घेऊन आली आणि मुलांना पुन्हा काठावर उतरवलं. जॅकेटं मुलांच्या अंगावरच राहिली. धाकट्या पोराला ते इतकं आवडलं की त्याने पुन्हा बुडायची तयारी दाखवली. मॅडमनी आपल्या यंत्रात लिहिलं : नऊ मुलं जिवंत, कोरडी, शाळेत हजर. साक्षीला त्यांनी स्वतःच्या बुटांचा फोटो जोडला. त्यांचा निरोप टपरीवर थांबला नाही. बोटीवर उपग्रहाला उलट बोलणारं यंत्र होतं.

"असलं यंत्र शाळंला मिळतं का?" केतकीने विचारलं.

"आपत्तीत मिळतं," मॅडम म्हणाल्या. मग, कुणी बघत नाही असं बघून, "मी मागणी टाकते. मिळेलच असं सांगत नाही."

सोमवारी शाळा भरली. बंदचा आदेश वर्षापुरता थांबला होता. कारण दिलं होतं : विद्यार्थी हजर असल्याचे आपत्ती पथकाच्या निदर्शनास आले. मागचं सगळं वर्ष मात्र होतं तसंच राहिलं. यंत्राच्या मते केतकी पाचवीत एकूण तीन दिवस आली होती, त्यातले दोन दिवस ती बुडलेली होती. टॉवर टपरीजवळच उभा राहिला. तो हलवण्याचा विचार नाही, असं कुणी सांगितलं नाही. कारण कुणी काहीच सांगितलं नाही.

पण नकाशा दुरुस्त करता येतो, हे मॅडम जाताना सांगून गेल्या होत्या. जिथे जिथे जमीन आहे तिथे उभं राहून ठिकाण नोंदवायचं, तेही बऱ्याच जणांनी. मग नऊ मुलं टॅब घेऊन गावाच्या कडेकडेने चालली. गोठा, नोंदव. पिंपळ, नोंदव. आबांच्या घराशी मुलं थांबली आणि विचारून पुढे गेली. एकेक टिंब निळ्यात उमटत होतं, आणि टिंबांना टिंबं जोडून एक वेडंवाकडं गाव दिसायला लागलं. नकाशावर काढलेलं, पहिल्यांदाच. केतकीने त्याची एक प्रत टॅबमध्येच ठेवली. पोच यायची होती.

फुगवट्याच्या काठाने वर अजून तीन वाड्या होत्या. त्यांचेही फोन कुठल्या ना कुठल्या टोपलीतून कुठल्या ना कुठल्या टपरीवर जायचे. त्यांतल्या सालोशीच्या शाळेला परवाच बंदचा आदेश आला, असं लक्षूमामाने सांगितलं. रविवारी केतकी त्याच्याबरोबर तिकडे निघाली, बटण कुठे असतं ते दाखवायला. नकाशाप्रमाणे सालोशीतही पाणीच होतं, म्हणून आईने तिला लाइफ जॅकेट घालूनच पाठवलं.